आधी मंजूर नकाशा, मग कर्ज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या घर-प्रॉपर्टीच्या पानावर हल्ली टॉप-अप लोनच्या, म्हणजे चालू होमलोनवर वाढीव कर्जाच्या, जाहिराती फार दिसायला लागल्यात, आणि मोबाईलवर तर रोजच मेसेज येतात की तुमच्या घरावर एवढे एवढे लाख आधीच मंजूर आहेत, फक्त हो म्हणा. मी बरीच वर्षं एका बँकेच्या कर्ज विभागात काम केलं, आता रिटायर आहे आणि धनकवडीत राहते. आमच्या भागातले लोक अजूनही फाईल घेऊन घरी येतात, ताई जरा बघून सांगा म्हणतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यातल्या निम्म्याहून जास्त फाईली एकाच कामाच्या असतात. घर गहाण ठेवायचं आणि वर एक मजला चढवायचा. या एकाच विषयावर मला लिहायचंय. पत्र मोठं होईल, पण कृपा करून छापा, कारण यात लोकांची आयुष्यभराची कमाई अडकते.

आधी एक स्पष्ट करते, मजला चढवायला माझा विरोध नाही. पुण्यात लोक हौसेनं मजले चढवत नाहीत. मुलाचं लग्न ठरलेलं असतं, खाली दोन खोल्यांत आई-वडील, आजी आणि शिकणारी धाकटी असते, आणि मुलाला वेगळा टू बीएचके घ्यायचा म्हटलं तर ज्या भागात आई-वडील राहतात त्या भागात तो परवडत नाही, मग तो वाघोली नाहीतर नऱ्हे-आंबेगावच्या पुढं कुठंतरी बघायला लागतो, आणि इकडं वडिलांना रात्री त्रास झाला तर यायला तास लागतो. त्यापेक्षा डोक्यावर मोकळी गच्ची आहे, चाळीस वर्षांपूर्वी आजोबांनी पुढंमागं बांधू म्हणून कॉलमच्या सळया वर सोडून ठेवल्यात, मग तिथंच का नको? हा विचार अगदी बरोबर आहे. सहकारनगर, बिबवेवाडी, कर्वेनगर, कोथरूड, धनकवडी, जिथं जिथं रो-हाऊस आणि छोटे बंगले आहेत तिथल्या गच्च्यांवर उभं राहून बघा, त्या गंजलेल्या सळया सगळीकडं दिसतील, कुणी त्यावर बाटल्या उलट्या घातल्यात तर कुणी सिमेंटचा गोळा थापलाय.

अडचण पुढं आहे. मजल्याला महापालिकेची परवानगी काढायला महिने लागतात, आणि टॉप-अपचे पैसे काही दिवसांत खात्यात येतात. म्हणून लोक आधी पैसे उचलतात, पैसे आले की ठेकेदार लगेच माणसं लावतो, आणि परवानगी नंतर बघू, रेग्युलराइज करून घेऊ, गल्लीत सगळ्यांनीच केलंय, असं म्हणून काम सुरू होतं. म्हणजे होतं काय ते नीट बघा. बँकेकडं गहाण पडतं ते खालचं घर, ज्याचा नकाशा मंजूर आहे, भोगवटा पत्र (राहायला वापरायची महापालिकेची परवानगी) आहे, टायटल, म्हणजे मालकी, स्वच्छ आहे. आणि पैसे जातात वरच्या मजल्यात, ज्याला कागदावर अस्तित्वच नाही. कर्ज खऱ्या घरावर चढलं आणि किंमत वाढली अशा भिंतींची ज्या कायद्यानं कुणी मोजायलाच तयार नाही. उद्या काही बिनसलं तर जायचं ते खालचं खरं घर.

आमच्याच गल्लीपलीकडचं एक कुटुंब आहे, नाव-गाव सांगत नाही. वडील कारखान्यातून रिटायर झालेले, मुलगा आयटीत, जुनं होमलोन जवळजवळ फिटलेलं. एका वित्तसंस्थेनं वीस लाखांचं टॉप-अप दिलं, अर्जावर कारण लिहिलं घरदुरुस्ती. कुणी नकाशा मागितला नाही, कुणी किती मजले आहेत आणि किती होणार ते विचारलं नाही. सहा-सात महिन्यांत वर छान दोन खोल्या, किचन, बाथरूम, पुढं छोटीशी गच्ची असं झालं. मग मुलाला परदेशी जायची संधी आली, घर विकून वडिलांसाठी लिफ्टच्या बिल्डिंगमधे फ्लॅट घ्यायचं ठरलं, गिऱ्हाईक पण मिळालं आणि गिऱ्हाईकाच्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, आला. तो रिपोर्ट मी स्वतः वाचलाय. व्हॅल्युअरनं लेझरच्या मीटरनं वरच्या खोल्या पण मोजल्या, त्याच्या तक्त्यात एक रकाना होता प्रत्यक्ष क्षेत्रफळाचा आणि शेजारी दुसरा मंजूर नकाशाप्रमाणे क्षेत्रफळाचा. दुसऱ्या मजल्यासमोर पहिल्या रकान्यात आकडा होता आणि दुसऱ्या रकान्यात नुसती आडवी रेघ. किंमत धरली ती फक्त तळमजला आणि पहिल्या मजल्याची. खाली शेरा होता की वाढीव बांधकाम मंजुरीविना आहे, मूल्यांकनात घेतलेलं नाही. गिऱ्हाईकाचं कर्ज त्यामुळं कमी झालं, वरची रक्कम त्याच्याकडं नव्हती, व्यवहार मोडला. त्या काकूंनी मला विचारलं, मग आमचे वीस लाख गेले कुठं? काय सांगणार? हप्ता मात्र अजून चालू आहे.

आता कर्जाचे प्रकार, कारण इथंच लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते आणि एजंट ती दूर करत नाही. घर वाढवण्यासाठी म्हणून खास कर्ज मिळतं, होम एक्स्टेन्शन लोन, ते होमलोनच्याच जातीचं, व्याज साधारण होमलोनच्या आसपास. त्याला मंजूर नकाशा लागतो, आर्किटेक्टचं नाहीतर इंजिनिअरचं एस्टिमेट लागतं, आणि पैसे एकदम मिळत नाहीत, कॉलम झाले, स्लॅब पडला, विटकाम-प्लास्टर झालं की इंजिनिअर बघून जातो आणि पुढचा हप्ता सुटतो. लोकांना हीच कटकट वाटते. माझ्या मते हीच त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे, कारण ठेकेदारानं अर्धवट काम टाकून पळ काढला तर तुमचे सगळे पैसे त्याच्याबरोबर जात नाहीत. दुसरं टॉप-अप, म्हणजे चालू होमलोनवर वाढीव रक्कम, कागद कमी, पैसे बहुतेक वेळा एकरकमी. आणि तिसरं लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी, म्हणजे सरळ घर तारण ठेवून कशासाठी पण पैसे, व्याज सहसा होमलोनपेक्षा जास्त.

व्याजाचा फरक लोकांना किरकोळ वाटतो, एक-दीड टक्का म्हणजे काय मोठं. म्हणून मी आलेल्या प्रत्येकाला कागदावर गणित करून दाखवते. २० लाख रुपये, १५ वर्षं, ९ टक्के धरले तर हप्ता साधारण २०,२८५ रुपये बसतो आणि एकूण परतफेड साडेछत्तीस लाखांची होते. तेच १०.५ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता २२,१०० च्या वर जातो आणि एकूण भरणा जवळजवळ ४० लाख. म्हणजे निव्वळ कर्जाचा प्रकार चुकीचा निवडला म्हणून सव्वातीन लाखांचा फटका. आणि अजून एक, पहिल्या महिन्याच्या त्या २०,२८५ मधले १५,००० नुसतं व्याजाचे असतात. पाच वर्षं एक पण हप्ता न चुकवता जवळजवळ सव्वाबारा लाख भरले तरी मुद्दल अजून १६ लाख बाकी असते. हे ऐकल्यावर माणसं गप्प होतात आणि मग खरे प्रश्न विचारायला लागतात, म्हणून मला हे गणित आवडतं.

आता कुणी म्हणेल नियमच नसतील. नियम आहेत की. रिझर्व्ह बँकेच्या गृहकर्जाच्या सूचनांमधे बऱ्याच वर्षांपासून लिहिलेलं आहे की स्वतःच्या जागेवर बांधकामाला कर्ज द्यायचं तर आधी सक्षम प्राधिकरणाचा मंजूर नकाशा घ्या, बांधकाम नकाशाप्रमाणेच करीन असं प्रतिज्ञापत्र घ्या आणि आर्किटेक्टकडून टप्प्याटप्प्यानं खात्री करून घ्या. १७ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अनधिकृत बांधकामांवरच्या एका निकालात बँकांना आणि वित्तसंस्थांना बजावलं की इमारत तारण घेऊन कर्ज देताना पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला तपासल्याशिवाय देऊ नका. आणि खुद्द टॉप-अपबद्दल ८ ऑगस्ट २०२४ च्या पतधोरणात तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी जाहीर सांगितलं होतं की टॉप-अप होमलोन वेगानं वाढतायत, आणि काही संस्था घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यायचं, जोखीम कशी धरायची आणि पैसे नेमके कशाला वापरले जातात यावरचे नियम नीट पाळत नाहीत. म्हणजे वरपर्यंत सगळ्यांना माहिती आहे. फक्त खाली ब्रँचमधे आणि एजंटच्या टेबलावर अर्जात घरदुरुस्ती किंवा वैयक्तिक गरज असं लिहिलं की नकाशाचा प्रश्नच निघत नाही. दुरुस्ती म्हणजे वॉटरप्रूफिंग, फरशी, प्लंबिंग, रंग. नवीन स्लॅब टाकणं ही दुरुस्ती नाही, हे त्या फॉर्मवर सही घेणाऱ्याला पण कळतं.

परवानगीबद्दल लोक म्हणतात ती मिळतच नाही. तसं सरसकट खरं नाही. डिसेंबर २०२० पासून पुण्याला एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर म्हणतात ती. त्यात गावठाणासारखा दाट भाग सोडून इतर ठिकाणी मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण, १.१ धरलाय, आणि त्यावर प्रीमियम, म्हणजे शुल्क, भरून राहत्या घरासाठी ६० टक्क्यांपर्यंत अँसिलरी, म्हणजे जोडीचा जादा, एफएसआय मिळतो. म्हणजे हजार फुटाच्या प्लॉटला ११०० आणि वर ६६०, असं ढोबळ धरा. पुष्कळ जुन्या रो-हाऊसना यात थोडीफार जागा निघते. पण तुमचा रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर त्याच्यापुढचा प्रीमियम एफएसआय नाही आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, तो पण नाही, आणि आमच्याकडचे आतले रस्ते बहुतेक ६ मीटरचेच आहेत, म्हणून तर ६ चे ९ करायचा विषय निघाला की सगळं पुणं बोलायला लागतं. शिवाय साइड मार्जिन, पार्किंग, जुन्या बांधकामात आधीच किती एफएसआय वापरला गेलाय, जिन्यावरचं शेड आणि झाकलेली बाल्कनी कशात धरली जाते, हे सगळं येतं. गुंठेवारीतलं, म्हणजे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीवरचं, घर असेल तर आधी मूळ घरच नियमित झालंय का ते बघायला लागतं, २००१ चा गुंठेवारीचा कायदा २०२१ मधे सुधारला आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, पण अर्ज केल्याशिवाय आणि पैसे भरल्याशिवाय काही आपोआप होत नाही. पानशेतच्या १९६१ च्या पुरानंतर वसवलेल्या काही सोसायट्यांच्या जमिनींवर सरकारच्या अटी आहेत, तिथं तर मजल्याच्या आधी जमिनीचा कागद वाचायला पाहिजे. हे सगळं लायसन्सधारक आर्किटेक्टकडून लेखी घ्यायला काही हजार रुपये लागतात. वीस लाखांच्या कामात तेवढे वाचवायचे नसतात हो.

आणि एफएसआय मिळाला म्हणजे घर मजला पेलेल असं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातली पुष्कळ घरं लोड-बेअरिंग आहेत, तिथं भिंतीच वजन घेतात. आरसीसी असलं तरी त्या वर सोडलेल्या सळया बघून ठेकेदार म्हणतो आजोबांनी सोय केलीय, होऊन जाईल. पण तीस-चाळीस पावसाळे खाल्लेली सळई बोटानं खरवडली तरी पापुद्रे निघतात, आणि फाउंडेशन किती मजल्यांसाठी धरलं होतं याचं जुनं ड्रॉइंग नव्वद टक्के घरांत सापडत नाही. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा, त्याच्याकडून कॉलमची तपासणी करून घ्या, एखाद्या ठिकाणी पाया उकरून बघा आणि त्याचं सहीचं पत्र घ्या. खाली आपलीच माणसं झोपणार असतात.

बेकायदा राहिलं तर काय होतं तेही सांगते, कारण काही होत नाही असं सगळे छातीठोक सांगतात. नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस येते, बांधकाम काढायला सांगतात. बऱ्याचदा तक्रार शेजारच्यानंच केलेली असते. मिळकत करात तर कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद आहे, म्हणजे मूळ कर धरून तिप्पट, आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही हे कायद्यातच लिहिलंय. लहान घरांना त्यात वेळोवेळी सवलती मिळाल्यात, पिंपरी-चिंचवडमधे २०२३ ला शास्ती माफ पण झाली, पण शास्ती माफ झाली आणि बांधकाम नियमित झालं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि अधिकृत मजला बांधून तो भाड्यानं दिला तरी एक लक्षात ठेवा, पुण्यात स्वतः राहता म्हणून मिळकत करात जी ४० टक्के सवलत आहे ती भाड्याच्या भागाला मिळत नाही. भाड्यातून हप्ता फेडू म्हणणाऱ्यांच्या हिशोबात ही ओळ कधीच नसते.

इन्कम टॅक्सबद्दल पण एजंट अर्धवट सांगतात, व्याजावर सूट मिळेल म्हणतात. ती मिळते जुन्या करप्रणालीत, नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर काही नाही. जुन्यात पण दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जाच्या व्याजाला वर्षाला ३०,००० ची मर्यादा आहे, २ लाख ही मर्यादा खरेदी आणि बांधकामाची. आणि राहत्या घरात नंतर केलेली वाढ किंवा बदल यासाठीच्या कर्जाचं मुद्दल करवजावटीत बसत नाही. तुमच्या अर्जावर घरदुरुस्ती लिहिलंय की बांधकाम, याचा परिणाम इथंही होतो, तेव्हा सही करायच्या आधी सीएला फाईल दाखवा.

आता ज्याच्यासाठी मुख्य म्हणजे हे पत्र लिहायला बसले त्या गोष्टीकडं येते. बहुतेक घरांत प्लॉट आणि घर वडिलांच्या नावावर असतं, क्वचित आईच्या. पगार मुलाचा असतो. म्हणून कर्जात मुलगा मुख्य कर्जदार, वडील सहकर्जदार, आणि गहाण वडिलांचं घर. घरात ठरलेलं असतं की वरचा मजला मुलाचा, खालचा आई-वडिलांचा आणि नंतर बघू. हे ठरलेलं कुठंही लिहिलेलं नसतं. वडील गेले, मृत्युपत्र नाही, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मुलगे, मुली सगळ्यांचा घरात सारखा हिस्सा, आणि तो हिस्सा घराचा, मजल्या-मजल्याचा नाही. ज्या मुलानं दहा वर्षं हप्ते भरले त्याला वाटतं वरचा मजला माझाच. ज्या बहिणीला कर्जाच्या वेळी कुणी काही विचारलंच नव्हतं तिला कळतं की माहेरचं घर गहाण आहे आणि तिचा हिस्सा पण त्या गहाणाखालीच आलाय. दोघंही आपापल्या जागी खरे असतात, आणि भांडण होतं ते आईसमोर. मी अशा दोन घरांत मधे बसलेय, आणि दोन्हीकडं प्रश्न पैशाचा कमी आणि मला का सांगितलं नाही याचा जास्त होता.

म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते की कर्जाचा अर्ज करायच्या आधी घरातल्या सगळ्यांना, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट, एका दिवशी बोलवा आणि कागद पुढं ठेवा. किती कर्ज, कुणाच्या नावानं, हप्ता कोण भरणार, मुलाची नोकरी गेली तर काय, घर विकायची वेळ आली तर भरलेल्या पैशाचा हिशोब कसा धरायचा. आणि मग वडिलांनी मृत्युपत्र करावं, शक्यतो रजिस्टर करावं, वकिलाकडून वाचून घ्यावं. यात अविश्वास वगैरे काही नाही. आई-वडिलांनी आयुष्यभर झिजून बांधलेलं घर गहाण पडतंय, तेव्हा त्यांना प्रत्येक कागदाचा अर्थ मराठीत समजला पाहिजे, सही इथं करा, इथं करा, एवढ्यावर भागवू नका. पासष्ट-सत्तरीच्या माणसाला पंधरा वर्षांच्या कर्जात ओढताना कर्जाबरोबर जो विमा चिकटवतात तो नेमका कुणाच्या जिवावर आहे, त्याचा एकरकमी प्रीमियम कर्जातच मिळवून त्यावर पण व्याज लावलंय का, हे विचारा. विमा वाईट नाही, मी तर कमावत्या मुलाचा टर्म इन्शुरन्स असलाच पाहिजे म्हणते, पण तो बाहेरून स्वतंत्र घेता येतो.

व्याजदराचं थोडक्यात. २०२० मधे रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, ४ टक्के होता, मे २०२२ पासून वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा झाला. त्या काळात पुष्कळांचा हप्ता तसाच राहिला आणि मुदत गुपचूप वाढत गेली, रिटायरमेंटच्या पलीकडं गेली, लोकांना स्टेटमेंट काढल्यावर समजलं. ऑगस्ट २०२३ मधे रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची हे विचारायला पाहिजे, हा तुमचा हक्क आहे, वापरा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराचं होमलोन व्यक्तीच्या नावावर असेल तर आधी फेडायला दंड नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल कर्जाबरोबर की फॅक्ट स्टेटमेंट द्यायलाच लागतं, त्यात प्रोसेसिंग फी आणि बाकी खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते लिहिलेलं असतं, एपीआर या नावानं. जाहिरातीतला दर बघू नका, तो एपीआर बघा आणि दोन-तीन ठिकाणचा समोरासमोर ठेवा. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत, संस्थेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. आणि हप्ते थकले तर ९० दिवसांनी खातं एनपीए, म्हणजे बुडीत खात्याकडं गेलेलं, धरलं जातं, त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस आणि मग घराच्या ताब्याची कारवाई, त्यासाठी संस्थेला आधी दिवाणी दावा लावून बसायला लागत नाही. म्हणून मी म्हणते की घरातला एक पगार थांबला तरी सहा महिन्यांचे हप्ते निघतील एवढे पैसे बाजूला असल्याशिवाय काम सुरू करू नका. स्लॅब पडल्यावर काम थांबवता येत नाही, पावसाळा तोंडावर असेल तर मुळीच नाही, आणि बांधकामाचं एस्टिमेट शेवटपर्यंत तेवढंच राहिलेलं मी तरी बघितलेलं नाही.

आता मागण्या. कर्ज देणाऱ्या संस्थांना माझं म्हणणं आहे की रो-हाऊस, बंगला किंवा स्वतंत्र घर तारण असलेल्या प्रत्येक टॉप-अपच्या अर्जावर एक सरळ प्रश्न छापा, की या पैशातून नवीन बांधकाम करणार आहात का, आणि उत्तर हो असेल तर मंजूर नकाशा बघितल्याशिवाय पैसे सोडू नका आणि टप्प्यानंच सोडा. ही गिऱ्हाईकाची अडवणूक नाही. बेकायदा मजल्याला पैसे देऊन तुमचं तारण पण धोक्यातच जातं, नोटीस लागलेलं घर लिलावात कोण घेणार?

महापालिकेच्या बांधकाम विभागाला मागणी एवढीच की छोट्या घरमालकाला प्रत्यक्ष परवानगीच्या आधी नुसता एक लेखी दाखला द्या, या प्लॉटवर आज किती एफएसआय शिल्लक आहे आणि वर मजला होऊ शकतो की नाही. त्याला वाजवी फी घ्या, पंधरा दिवसांची मुदत ठेवा. बिल्डरकडं लायझनिंगला, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करून घ्यायला, माणसं असतात, रिटायर झालेल्या पोस्टमनकडं किंवा शिक्षिकेकडं नसतात. त्यांना खिडकीवर कुणी नीट बोलत नाही आणि मग ते ठेकेदाराच्या शब्दावर जातात. असा दाखला हातात आला तर निम्मी बेकायदा कामं सुरूच होणार नाहीत असं मला मनापासून वाटतं, कारण या लोकांना कायदा मोडायचा नसतो, त्यांना फक्त उत्तर हवं असतं आणि ते वेळेत मिळत नाही.

आणि संपादक महोदय, आपल्याला विनंती. त्या पानावर जिथं टॉप-अपची जाहिरात असते तिथंच दर आठवड्याला एक छोटा चौकट मजकूर द्या, कागद कुठले लागतात, परवानगीचा अर्ज कुठं करायचा, शुल्क किती, जमल्यास एखादा आर्किटेक्ट आणि एखादा वकील यांच्याकडून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं. माझ्याकडं येणारे लोक आपला पेपर वाचून, कात्रण खिशात घालून येतात. हे कात्रण त्यांच्या खिशात असलं तर निदान टेबलापलीकडच्या माणसाला काय विचारायचं ते त्यांना माहिती असेल.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
धनकवडी, पुणे